एक गाडीला, एक भिंतीला

पार्सलात काय आहे ते कुरिअरवाल्याला विचारावंच लागतं. पण मन्मथअप्पांना विचारलं की माझी वीस मिनिटं गेली म्हणून समजा. काउंटरवर ते ग्रीसनं बरबटलेलं फडकं हळूहळू सोडायचे, आत बोटाएवढी एखादी पिन नाहीतर बशीएवढं दातेरी चाक. मग ती वस्तू ज्या गाडीची, ती गाडी कुठल्या साली आली, तिचा पहिला मालक कोण, ती बनवणारी कंपनी कधी बुडाली, अशी सगळी कुंडली मांडायचे. मागं झेरॉक्सला माणसं ताटकळलेली. मी म्हणायचे, "अप्पा, मी सरळ 'लोखंडी वस्तू' लिहिते." त्यांना ते लागायचं.

"खिळा बी लोखंडी वस्तूच हाय की! नीट नाव लिव्हा, पोष्टमास्तरीणबाई."

सिरसाळ्यात माझं कुरिअर-झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं पत्र्याचं शेड यांच्यात भिंत एकच. अकरा वर्षं त्यांच्या लेथची घरघर ऐकत मी पावत्या फाडल्या. आमच्याकडच्या बाकीच्या मिस्त्री लोकांना ट्रॅक्टर, मोटारी, उसाच्या गाड्या यातून मान वर करायला फुरसत नसते. अप्पा मात्र जुन्या गाड्यांचेच भाग करायचे. ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या, ज्यांचं सामान जगात कुठं मिळत नाही, अशा शौकीन लोकांच्या गाड्या. पुणे, हैद्राबाद, इंदूर, कुठून कुठून नमुने यायचे. गावात बऱ्याच जणांना वाटायचं म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे.

अंगानं किरकोळ. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. गळ्यातलं लिंग लेथवर उभं राहण्याआधी शर्टाच्या आत खोचून वरून बटण लावायचे, रोज, न चुकता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक उमापूरला दिलेली. ती बोलवायची, हे जायचे नाहीत. लोखंड विकत घेताना आधी वाजवून बघायचे, मडकं वाजवतात तसं. दुकानदार वैतागायचा. मी एकदा म्हणाले, अप्पा, सोयरीक जुळवायला निघाल्यासारखं काय करता? तर म्हणाले, "सोयरीक मोडती बी. ह्ये मोडून चालत न्हाई."

त्यांचं काम मला कळलं ते पुण्याच्या एका साहेबांमुळं. साहेबांच्या गाडीतला एक दांडा झिजला होता. त्यांनी तो मशीनवर मोजून, संगणकात चित्र काढून, मोठ्या कारखान्यातून हुबेहूब करून घेतला होता. केसाचाही फरक नाही, आणि तरी बसल्यावर खडखडत होता. ते तो घेऊन गाडीनं सिरसाळ्यापर्यंत आले, घामाघूम. अप्पांनी दोन्ही दांडे हातात घेतले आणि हसायलाच लागले.

"सायेब, तुमी म्हाताऱ्याचं माप घिऊन नवरदेवाचा कोट शिवलाय की!"

साहेबांना काही उमजेना. मग अप्पांनी सांगितलं, की नमुना जो येतो तो झिजलेला येतो. झिजेसकट नक्कल केली तर झीजच नवी करून बसवली. भाग करायचा तो झिजायच्या आधी जसा होता तसा. मग त्यांनी तपासणी सुरू केली. गाडी चढाच्या गावात असायची की सपाटीला? ड्रायव्हर पाय टाचेवर टेकवायचा की उचलून धरायचा? तो जाडा होता का? साहेब घरी फोन लावून आईला विचारत होते, आजोबांचा ड्रायव्हर जाडा होता का गं म्हणून. मी इकडं तोंडाला पदर लावला होता. पण चौथ्या दिवशी तो दांडा असा बसला की साहेब अप्पांच्या पाया पडले.

दुसरी त्यांची रीत म्हणजे जोडी. कुठलाही भाग ते एकच करायचे नाहीत, दोन करायचे. त्याच लोखंडाचे, त्याच दिवशी, एकाच आचेत तापवलेले. एक गिऱ्हाइकाकडं जायचा, दुसरा शेडच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगायचे. तरुणपणी एका गिऱ्हाइकाचा भाग वाटेत हरवला होता, नमुनाही त्याबरोबर गेला आणि पुन्हा करायला हातात काहीच उरलं नाही, तेव्हापासूनची ही सवय. "एक गाडीला, एक भिंतीला," असं म्हणायचे. ती भिंत बघायला लोक यायचे. तीसेक वर्षांचं काम तिथं लटकत होतं, खालच्या ओळीत सगळ्यात जुनं.

तिसरी गोष्ट त्यांच्या गुर्मीची. हो, गुर्मीच म्हणते मी. ते आपल्या भागावर कसलीही खूण करायचे नाहीत. नाव नाही, आकडा नाही, साधा ठिपकाही नाही. एका गिऱ्हाइकानं हात जोडून सांगितलं, अप्पा, एक 'म' तरी ठोका. तर म्हणाले, "नाव ठोकलं की ती माजी पिन झाली. मंग गाडीची कुठं ऱ्हाईली?" पुढं कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनात जुन्या गाड्यांचे जाणकार जमले होते, त्यांनी एक गाडी खालून-वरून तपासली आणि सगळे भाग मूळ कंपनीचे आहेत असा शेरा दिला. त्यात सात भाग अप्पांचे होते. मालकानं फोन केला, आणि अप्पा पेढे घेऊन आमच्या लायनीतल्या प्रत्येक दुकानात गेले.

"कावून पेढे, अप्पा?"

"माजं नाव कुठंच न्हाई म्हनून!"

मी म्हणाले, नाव नसल्याचे पेढे वाटणारा माणूस पहिल्यांदाच बघितला बाई. ते इतके खूष होते, की त्या दिवशी पावती फाडतानाही माझ्याशी भांडले नाहीत.

आणखी एक सांगते, ते पुढं लागणार आहे. पोलाद कणखर करायचं तर ते लाल करून तेलात बुडवतात. त्याला पाणी देणं म्हणतात. पण तेवढ्यावर काम संपत नाही. मग ते पुन्हा मंद आचेवर तापवायचं आणि सावकाश निवू द्यायचं. अप्पा याला राग उतरवणं म्हणायचे. "पानी दिलेलं लोखंड रागात असतंय बाई. राग उतरवला न्हाई तर ते वाकत न्हाई. एक दिवस मोडतंय." माझ्या नवऱ्याला ते हे वाक्य माझ्याकडं बघत ऐकवायचे, आणि दोघं हसायचे.

आता ते हसू नको वाटतं.

आमच्या भागात बापूसाहेब म्हणून मोठं प्रस्थ आहे. शेती, ट्रॅक्टर, प्रत्येक निवडणुकीत माणसं. त्यांच्या आजोबांनी हैद्राबादेहून आणलेली एक काळी गाडी आहे. वरातीला, मिरवणुकीला ती पुढं. ती चालवायचा भानुदास ड्रायव्हर. मूळचा मेंढपाळाच्या घरचा, वस्तीवर बायको कोंडाबाई आणि मेंढरं. एके काळी भानुदास पट्टीचा पिणारा. पण सहा वर्षांपूर्वी त्यानं सोडली ती सोडली, चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायला लागला होता, कशासाठी देव जाणे.

केजला लग्न होतं. वरात आटपून भानुदास भर दुपारी रिकामी गाडी घेऊन परत निघाला. धारूरचा घाट उतरताना गाडी सुटली. त्यानं ती डोंगराच्या अंगाला घातली म्हणून निदान खाली गेली नाही. छाती स्टीअरिंगवर चेपली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. शुद्ध आली तसा तो एकच सांगत होता, ब्रेक लागला नाही.

कुणी मानेल का? "प्याला असंल," असं बापूसाहेबांच्या माणसानं पहिल्यांदा म्हटलं आणि दोन तासांत सगळं गाव तेच म्हणायला लागलं. लग्नाचं घर, जुना दारुडा, मोकळी गाडी. मीही म्हणाले. खोटं कशाला बोलू? काउंटरवर उभी राहून, पावत्या फाडत मीच चार जणांना म्हणाले, मूळ स्वभाव जातो का कुठं! आज ती जीभ झडावी असं वाटतं.

दुसऱ्याच दिवशी बापूसाहेबांचा माणूस एका पुडीत ब्रेकची पिन घेऊन अप्पांकडं आला. त्या गाडीचा ब्रेक आताच्यासारखा तेलावर चालत नव्हता. पायाखालून लोखंडी दांडा निघतो, तो चाकाकडच्या दांड्याला ओढतो, आणि दोन दांड्यांच्या सांध्यात ही बोटाएवढी पिन. पिन गेली की सगळं गेलं. हातब्रेकही त्याच दांड्यावर. तो माणूस म्हणाला, "धडकीत मोडली. कंपनीची पिन हाय, आजोबाच्या काळची. अशीच दुसरी करा, पुढल्या महिन्यात गाडी मिरवणुकीला पायजे."

मी तेव्हा झेरॉक्सची शाई आणायला तिथं गेले होते, माझी जास्तीची बाटली अप्पांच्या शेडात असायची. त्यांनी पुडी सोडली. दोन तुकडे तळहातावर घेतले, मोडलेली बाजू उजेडाकडं धरली, आणि पुडी पुन्हा बांधली. इतकंच. दर वेळचं भाषण नाही, ड्रायव्हर जाडा होता का हे नाही. मी विचारलं, "काय झालं अप्पा?"

"काय न्हाई. डोळ्याला दिसंना नीट."

पुडी त्यांनी रॉकेलच्या डब्यामागं सारली. पुढचे अकरा दिवस त्यांनी लेथ चालू केला नाही. मला वाटलं तब्येत बरी नसेल, मी दोनदा भाकरी-पिठलं पाठवलं. तिकडं अंबाजोगाईत भानुदास अकरा दिवस तेच सांगत राहिला. बाराव्या दिवशी गेला.

बातमी मीच अप्पांना सांगितली, आणि वर म्हणाले, "सुटला बिचारा. दारूनं घात केला." ते खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर रॉकेलच्या डब्याकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गर्दीच्या वेळेला त्यांनी भिंतीवर ठोकून मला हाक मारली. "बाई, या जरा. साक्षीला मानूस पायजे."

भिंतीच्या खालच्या ओळीतला एक खिळा रिकामा होता. त्यावरची पिन त्यांनी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली होती. आधी त्यांनी मला दुसरी एक पिन दाखवली, अलीकडच्या कामातली. तिच्यावर हातोडा घातला, एक, दोन, तीन. ती वाकली. पार काटकोनात गेली, पण मोडली नाही. मग खालच्या ओळीतली. तिला एकच घाव घातला. तुकडा सुटून पत्र्याला लागला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. जरासुद्धा वाकली नव्हती.

त्यांनी पुडीतले तुकडे काढले आणि चारही तुकडे माझ्या हातावर ठेवले. मला लोखंडातलं ओ की ठो कळत नाही. पण मोडलेल्या जागी दोन्हीकडं खडीसाखरेसारखा चमकणारा मोठा दाणा होता, तो आंधळ्यालाही कळला असता.

"ही पिन कंपनीची न्हाई. माजी हाय. बापूसायबाच्या वडलांनी नमुना आनला व्हता. शेड टाकलं त्याच साली."

"पण मोडली कशी?"

"राग उतरवायचं मला तवा ठाव नव्हतं. पानी दिलं की झालं, असं वाटायचं. पुढल्या साली एका म्हाताऱ्या लोहारानं शिकवलं. तवाच कळलं, की आधीचा सगळा माल रागात गेलाय." ते भिंतीकडं बघत होते. "तवाच सांगायला पायजे व्हतं. म्हनलं, अजून मोडली न्हाई कुनाची. मंग एक साल गेलं, धा गेली. रोज डोळ्याम्होरं टांगलेलं असायचं."

मी म्हणाले, "अप्पा, पुडी आली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?"

"तुकडं बघितलं अन कळलं."

"तेव्हा तो जिवंत होता!"

"हां."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, "मला कोन इचारायलं व्हतं? पिनवर माजं नाव हाय का? नाव न्हाई म्हनून गप बसलो, बाई."

मला असा संताप आला, सांगते, की वयाचा मान बाजूला राहिला. तोंडाला येईल ते बोलले. एवढा मोठा कारागीर, एक शब्द टाकला असता तर तो माणूस खरा ठरून मेला असता! ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "अजून बोला. पर मला बापूसायबाकडं सोडा."

मी स्कूटीवरून घेऊन गेले. बापूसाहेबांनी चहा दिला, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग फार मायेनं म्हणाले, "अप्पा, तुमचं वय झालं. आजोबाच्या गाडीला सिरसाळ्याची पिन कशी असंल? ती गाडी शंभर टक्के कंपनीची हाय, लोक लांबून बघाया येतेत."

"तुमच्या वडलांनीच नमुना आनून दिलता."

"वडील न्हाईत आता." बापूसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "अन समजा तुमचीच हाय. तर मानूस तुमी मारला, असं व्हतंय. ते कावून उकरून काढता?"

"मीच मारला. तेच सांगाया आलोय."

"जावा घरी," बापूसाहेब म्हणाले. "बाई, यांना नीट न्या."

मग पोलीस ठाण्यात, आणखी जिथं सांगायचं तिथं सांगून झालं. कागद बंद झालाय, एवढं उत्तर मिळालं. मग अप्पा म्हणाले, आता वस्तीवर.

कोंडाबाई मेंढरांच्या वाघरापाशी, त्या जाळीच्या कुंपणाशी, पाला टाकत होती. कपाळ मोकळं. आम्हाला ओळखत नव्हती, तरी रीतीप्रमाणे आत जाऊन तांब्याभर पाणी आणून आमच्यापुढं ठेवलं. अप्पांनी तांब्याला हात लावला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. तुकडे तिच्यासमोर जमिनीवर फडक्यात मांडले आणि म्हणाले, "तुमचा मालक प्याला नव्हता. ब्रेक लागलाच न्हाई. माजी पिन मोडली."

ती खाली बसली. तुकडे उचलून बघितले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

मला वाटलं, आता तरी खोटं बोलावं म्हाताऱ्यानं. एक खोटं, बाईच्या जिवाला बरं म्हणून. पण अप्पा म्हणाले, "पिन आली त्या दिशी. त्ये जायच्या अकरा दिस आदी."

कोंडाबाईनं आमच्यापुढचा तांब्या उचलला. चार पावलं जाऊन सगळं पाणी मेंढरांच्या कुंडीत ओतलं. परत येऊन फडक्यासकट तुकडे घेतले, आत गेली आणि दार लावलं. रडण्याचा आवाजही आला नाही.

त्यानंतर त्यांनी भिंतीची खालची ओळ उतरवली. त्या पहिल्या सालचं जे जे होतं ते एकेक व्हाइसमध्ये धरून फोडलं. बाकीच्या होत्या दाराच्या मुठी आणि बिजागऱ्या, त्यांनी कुणी मरत नाही. पण ब्रेकच्या पिना अजून चार होत्या, चारही एका घावात मोडल्या. म्हणजे त्यांच्या चार जोड्या कुठल्या तरी चार गाड्यांत होत्या. मी फोन लावले, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले, पत्रं लिहिली. पिन काढा, परत पाठवा, नवी फुकट करून देतो.

आणि बघा, लोकांनी काय केलं! लातूरच्या एकांनी तेवढी पाठवली. सोलापूरचे म्हणाले, तीस वर्षं चालली, आता काय होतंय. हैद्राबादचे तर चिडले. त्यांच्या गाडीतल्या सगळ्या भागांना मूळ असल्याचा दाखला होता, त्यात हा म्हातारा ती पिन माझी म्हणतो म्हणजे काय? इंदूरच्यांनी गाडी कधीच विकली होती. अप्पा स्वतः सोलापूरला जाऊन आले. त्यांना गाडीला हातही लावू दिला नाही. "पुरावा काय म्हनले. तुमचं नाव कुठाय तिच्यावर म्हनले," असं मला येऊन सांगितलं आणि शेडच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडले.

आठवडाभरानं सकाळी माझ्या काउंटरपुढं कोंडाबाई उभी. हातात तेच फडकं. "त्ये म्हातारं गाड्या हुडकीत फिरतंय म्हनं?"

मी सांगितलं काय चाललंय ते. कुणी विश्वास ठेवत नाही, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकलं. "मी जाते संगं," म्हणाली. मी म्हणाले, "अप्पांबरोबर?" तशी म्हणाली, "त्याला माफ केलं न्हाई म्या. त्याच्याशी बोलनार बी न्हाई. पर जाते."

मेंढरं दिराकडं सोपवून ती निघाली. दोघं सोलापूरला गेली आणि दोन दिवसांत पिन घेऊन आली. हैद्राबादला गेली, तिथूनही पिन आली, ज्यांच्याकडं दाखला होता त्यांच्याकडून! अप्पांना विचारलं, हे कसं झालं? तर नुसती मान हलवायचे. त्या दिवसांत ते फार वाळले. जेवण तुटलं होतं. मी म्हणायचे दवाखान्यात चला, तर म्हणायचे, आधी इंदूरची.

इंदूरची पिनही मिळाली. गाडी तीन हात फिरून एका लग्नाच्या मंडपवाल्याकडं गेली होती, दोघांनी विचारत विचारत ती शोधली. पण परत येताना रेल्वेत बसल्या जागी अप्पा गेले. उमापूरची लेक जाऊन त्यांना घेऊन आली. कोंडाबाई तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आली, पिन काउंटरवर ठेवली आणि मेंढरांकडं गेली. आता शेडला कुलूप आहे. बापूसाहेबांच्या गाडीला कुठून तरी दुसरी पिन बसली आणि ती मिरवणुकीत पुढं असते. भानुदासचा विषय निघाला की गाव अजून 'प्याला व्हता' म्हणतं. मी भांडते. रोज भांडते.

अप्पांना मी शेवटचं बघितलं ते इंदूरला निघाले त्या सकाळी, सिरसाळ्याच्या स्टँडवर. मी भाकरी बांधून नेली होती. एसटी उभी होती. कोंडाबाई खिडकीशी, मांडीवर फडकं. शेजारची जागा रिकामी, तरी अप्पा तिच्या मागच्या बाकावर, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून. कपाळावर भस्म होतं, लिंग शर्टाच्या आत खोचून वरचं बटण लावलेलं. कामाला उभं राहायचे तेव्हासारखं.

भाकरी मी खिडकीतून कोंडाबाईकडं दिली. राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुम्ही तिथं लोकांना सांगता तरी काय हो?"

"काय सांगायचं," ती म्हणाली. "मोडक्या पिना गाडीवर ठिवते. पानी देतेत, त्ये घेत न्हाई. म्हनते, पिन हातात द्या, मंग पिते." फडक्याची गाठ तिनं चाचपून बघितली. "अन म्हनते, माजा मालक अकरा दिस दवाखान्यात सांगत व्हता, कोंडे, देवाशपथ, ब्रेक लागला न्हाई. अन म्या त्याला म्हनलं, मरतानी तरी खोटं बोलू नगा."

ती समोर बघत बोलत होती, आवाज न चढवता. मागं अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. प्रत्येक गावी, प्रत्येक गाडीपुढं त्यांना हे उभ्यानं ऐकावं लागत होतं, आणि तरी ते निघाले होते.

कंडक्टरनं घंटी दिली. मी खिडकीतून हात आत घालून दांडीवरच्या त्यांच्या हाताला लावला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.